गुडघा बदलल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात ताकदीचे व्यायाम सुरू करावेत का?

कृष्णाकाठ (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. माझ्या सासूबाईंच्या (वय ६७) उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली असून सध्या दुसरा आठवडा चालू आहे. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, पण दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात आहेत. जखम कोरडी आहे, ताप नाही, टाके येत्या काही दिवसांत काढायचे आहेत. वॉकर घेऊन त्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत आणि बाथरूमपर्यंत स्वतः जातात. गुडघा साधारण ८५ अंशांपर्यंत वाकतो आणि पूर्ण सरळ व्हायला थोडा कमी पडतो.

रुग्णालयातून निघताना आम्हाला एक छापील कागद मिळाला होता. त्यावर पावले वर-खाली करणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे आणि टाच गादीवरून ओढत गुडघा वाकवणे एवढेच व्यायाम आहेत. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र आता उंच खुर्चीतून उठणे-बसणे सुरू केले असून पुढच्या आठवड्यात घोट्याला अर्धा किलोचे वजन बांधू, असे त्या म्हणाल्या आहेत. यावरून घरात दोन पक्ष पडले आहेत. सासऱ्यांचे म्हणणे असे, की जखम ओली असताना वजन कसले बांधायचे, दीड महिना नुसते चालू द्यावे, ताकद आपोआप येईल. नात्यातल्या एका काकांनी तर वजनामुळे नवा सांधा ढिला होतो असे सांगून सासूबाईंना घाबरवूनच सोडले आहे.

मला अधिक काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पलंगावर झोपून पाय सरळ उचलायला सांगितला, की आधी त्यांचा गुडघा वाकतो आणि मग कशीबशी टाच उठते. शस्त्रक्रियेपूर्वी, गुडघा रात्रंदिवस दुखत होता तेव्हाही, त्या हा पाय सहज उचलत असत. मग नवा सांधा बसवल्यावर पायातली शक्ती गेली कशी? शस्त्रक्रियेत काही चुकले असेल का? शिवाय गुडघा आपोआप वाकवणारे सीपीएम मशीन भाड्याने मिळते आहे, ते घ्यावे का, आणि व्यायाम करताना किती दुखणे चालवून घ्यावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.


स्नायुरेषा:

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सांधेबदलाचे रुग्ण हेच माझे मुख्य काम आहे. सासूबाईंना प्रत्यक्ष न तपासता त्यांच्यासाठी नेमका कार्यक्रम आखून देणे योग्य होणार नाही, परंतु आपण विचारलेल्या गोष्टींमागची कारणे समजली तर घरातला वाद बराचसा मिटेल असे वाटते.

आधी पाय न उचलला जाण्याविषयी. गुडघा सरळ करण्याचे काम मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, करतो, आणि या शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जास्त शक्ती तोच गमावतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० रुग्णांच्या या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर साधारण महिनाभराने मोजली, तेव्हा ती सरासरी ६२ टक्क्यांनी घटलेली आढळली. स्नायूचा आकार मात्र १० टक्क्यांनीच कमी झाला होता. म्हणजे स्नायू वाळल्यामुळे गेलेली ताकद हा घटीचा लहान भाग होता. त्याच्या जवळजवळ दुप्पट वाटा असा होता, की स्नायू जागेवर असूनही रुग्णाला तो पूर्णपणे आकुंचित करताच येत नव्हता. सुजलेल्या सांध्यातून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात, ते या स्नायूला चालवणाऱ्या चेतापेशींना दाबून ठेवतात, त्यामुळे रुग्णाने कितीही जोर लावला तरी स्नायूचा काही भाग कामाला लागत नाही. निरोगी गुडघ्यात सलाईन टोचून केलेल्या जुन्या प्रयोगांत तर अवघ्या २० ते ३० मिलिलिटर द्रवानेही मांडीच्या आतल्या बाजूचा भाग मंदावू लागल्याचे दिसले होते. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यात याहून कितीतरी जास्त सूज असते. तेव्हा सासूबाईंचा पाय उचलला न जाणे, हे दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांच्या बाबतीत दिसणारे चित्र आहे आणि त्यावरून शस्त्रक्रिया चुकली असा निष्कर्ष काढू नये.

एक गोष्ट मात्र तपासून पाहावी. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सैल सोडला असता गुडघा सरळ होतो का? तसा होत असेल, पण पाय उचलताना तो वाकत असेल, तर प्रश्न स्नायूचा आहे. सैल सोडल्यावरही सरळ होत नसेल, तर सांधा आखडतो आहे आणि त्यासाठी सरळ करण्याच्या व्यायामांना अधिक वेळ द्यावा लागेल. आपण "थोडा कमी पडतो" असे लिहिले आहे, म्हणून हे आवर्जून सांगते. झोपताना गुडघ्याखाली उशी अजिबात ठेवू नये. ती बरी वाटते, पण वाकलेल्या अवस्थेतच गुडघा स्थिरावतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली. आणि आधी पाय उचलता येत असताना पडल्यामुळे किंवा अचानक कळ येऊन तो अजिबात उचलता येईनासा झाला, तर मात्र व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना दाखवावे, कारण वाटीच्या स्नायुबंधाला इजा झाल्याची ती खूण असू शकते.

आता वजनाने सांधा ढिला होण्याच्या भीतीविषयी. सिमेंट वापरून बसवलेल्या सांध्यात ते सिमेंट शस्त्रक्रियागृहातच काही मिनिटांत घट्ट होते, आणि म्हणूनच रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण भार देऊन उभे करतात. बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्याच्या आतच मापक बसवून २०१० साली जी मोजणी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार सपाट जमिनीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पटींहून अधिक भार येतो, खुर्चीतून उठताना जवळपास तेवढाच, आणि जिना उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. सासूबाईंचे वजन ६० किलो धरले, तर स्वयंपाकघरापर्यंत जाताना प्रत्येक पावलाला त्यांचा नवा सांधा दीडशे किलोच्या पुढचा भार सोसतो आहे. वॉकरवर हात टेकल्याने तो काहीसा कमी होत असेल एवढेच. घोट्याला बांधलेले अर्धा किलो गुडघ्यापासून फूटभराहून अधिक लांब असल्यामुळे ते उचलायला स्नायूला आठ-दहापट ओढ द्यावी लागते, तरी तो हिशेब चार-पाच किलोच्या पुढे जात नाही. ज्या काकांना अर्ध्या किलोची धास्ती वाटते, त्यांनी खरे तर सासूबाईंच्या चालण्यालाच हरकत घ्यायला हवी होती. सिमेंटविना बसवलेला सांधा, शस्त्रक्रियेच्या वेळी हाडाला गेलेला तडा, किंवा जुना कृत्रिम सांधा काढून बसवलेला नवा सांधा असेल, तर मात्र बंधने वेगळी असू शकतात. घरी जाताना मिळालेल्या कार्डावर तसे काही लिहिले आहे का, ते पाहावे.

"नुसते चालून ताकद येईल" हे मत आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबात ऐकू येते. चालणे आवश्यकच आहे. रक्ताभिसरणासाठी, आत्मविश्वासासाठी, पोट साफ राहण्यासाठीही. परंतु कमकुवत गुडघ्याने चालणारा माणूस नकळत भार दुसऱ्या पायावर, कमरेवर आणि हातांवर टाकतो, गुडघा ताठ धरून पाऊल टाकतो, आणि ज्या स्नायूला काम हवे आहे तोच मोकळा सुटतो. अशा रीतीने महिनोन्‌महिने चालूनही मांडी बारीकच राहिलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. म्हणून त्या स्नायूला नेमून दिलेले काम लवकर हवे, आणि अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सात दिवसांतच जोरकस ताकदीचे व्यायाम सुरू करावेत, अशी शिफारस आहे.

सुरुवात मात्र वजनापासून होत नाही. मी स्वतः टॉवेल दाबण्याच्या व्यायामाला सर्वांत अधिक महत्त्व देते, आणि रुग्णांना तोच सर्वांत कंटाळवाणा वाटतो. वाटी मांडीकडे वर सरकताना दिसली पाहिजे, पाच आकडे मोजेपर्यंत ती तशीच धरली पाहिजे, आणि नुसते नितंब आवळून फसवता कामा नये. शक्य असल्यास दोन्ही पायांनी एकदम दाबावे, म्हणजे चांगल्या पायाचा जोर कसा लागतो याची आठवण बिघडलेल्या पायाला मिळते. हे नीट जमू लागले, की मांडीखाली जाड गुंडाळी ठेवून टाच उचलणे, नंतर पाय सरळ उचलणे, आणि उचलताना गुडघा वाकण्याचे प्रमाण कमी झाले की मगच घोट्याला वजन. आपल्या ताईंनी पुढच्या आठवड्याचा मुहूर्त सांगितला आहे, तो मला घाईचा वाटत नाही. परंतु तारखेपेक्षा पाय सरळ राहतो की नाही, यावर तो ठरवावा. वजन एवढे असावे, की आठ-दहा वेळा उचलल्यावर आणखी एखाद-दुसऱ्या वेळेपुरतीच शक्ती उरावी. वीस-पंचवीस वेळा गप्पा मारत उचलता येणारे वजन ताकद वाढवत नाही. रक्तदाब आहे म्हणून श्वास कोंडून धरू नये. मोठ्याने आकडे मोजायला सांगितले की श्वास आपोआप चालू राहतो.

दुखण्याविषयी एवढेच, की व्यायामाच्या वेळी ओढल्यासारखे, जळजळल्यासारखे दुखणे आणि ते तासा-दोन तासांत निवळणे, हे अपेक्षित आहे. रात्रीची झोप मोडणारे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढवून ठेवणारे दुखणे म्हणजे मात्रा जास्त झाली.


माची_सातारा:

ताई, माझे दोन्ही गुडघे काही वर्षांच्या अंतराने बदललेले आहेत, म्हणून रुग्णाच्या बाजूने काही सांगतो. शास्त्र वरच्या प्रतिसादात आले आहे, त्यात मी भर घालू शकत नाही.

वेदनाशामक गोळी आणि व्यायाम यांची सांगड घालणे ही सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाला बसलो, की तोच व्यायाम निम्म्या त्रासात होत असे. पुष्कळ घरांत गोळ्या "शक्यतो टाळाव्यात" अशा भावनेने उशिरा दिल्या जातात, रुग्ण दुखण्याने आवळून बसतो आणि मग व्यायाम होत नाही म्हणून सगळे हळहळतात. गोळी किती आणि कोणती हे अर्थात डॉक्टरांनीच ठरवावे, विशेषतः मधुमेह व रक्तदाब असताना मूत्रपिंडाचा विचार करावा लागतो, त्यामुळे दुकानातून आणलेली वेगळी गोळी परस्पर देऊ नये.

दुसरी गोष्ट खुर्चीची. आपल्याकडच्या सोफ्यात माणूस इतका खोल रुततो, की त्यातून उठणे धडधाकट माणसालाही अवघड जाते. हातांची, टणक, चार पायांची जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्यावी आणि तिच्यावर घट्ट गादी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवावी. सुरुवातीला हातांचा आधार, पुढे एकाच हाताचा, नंतर हात छातीशी, आणि मग एकेक घडी कमी करत उंची उतरवायची. वजन न बांधताही ही चढण पुरेशी कठीण असते. उठताना बिघडलेले पाऊल पुढे सरकवून ठेवायची सवय सगळ्यांनाच लागते, कारण मग सगळा भार चांगल्या पायावर जातो. घरातल्या कुणीतरी समोर उभे राहून दोन्ही पावले एका रेषेत आहेत की नाहीत, एवढेच पाहिले तरी फार मोठे काम होते. हे काम सासऱ्यांकडे द्यावे, असे मी सुचवीन. विरोध करणाऱ्या माणसाला एखादी जबाबदारी दिली, की त्याचे मत पुष्कळदा बदलते, आणि सासूबाईंनाही पतीसमोर कमी पडायचे नसते.

बर्फाचा उपयोग व्यायामानंतर नियमाने करावा, पंधरा-वीस मिनिटे, मधे कापड ठेवून, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर उचलून. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर मात्र त्वचा वारंवार पाहत राहावे.


मापनवादी:

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत आणि त्यांतील व्यवहार्य सल्ल्याशी माझे दुमत नाही. परंतु मार्गदर्शक सूचनेचा जो आधार दिला आहे, त्याची दुसरी बाजूही नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल, असे वाटते. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि या विषयातील चाचण्या रस घेऊन वाचतो.

लवकर आणि जोरकस व्यायाम केल्याने स्नायू लवकर परत येतो, हे ऐकायला अगदी पटण्यासारखे आहे, मात्र प्रत्यक्ष तुलनेत ते तितके ठळकपणे दिसलेले नाही. डेन्मार्कमध्ये ८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला शस्त्रक्रियेनंतर लगेच सात आठवडे देखरेखीखाली वजन वाढवत नेण्याचे व्यायाम दिले आणि दुसऱ्या गटाला तसे व्यायाम वगळून बाकीचे पुनर्वसन दिले. सहा मिनिटांत चालता येणाऱ्या अंतरात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अमेरिकेत १६२ रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र आणि सौम्य अशा दोन कार्यक्रमांची तुलना झाली. तिथेही तीन महिन्यांनी आणि वर्षाने दोन्ही गट बरोबरीतच होते. दोन्ही चाचण्यांतून एक आश्वासक गोष्ट मात्र निघते, की तीव्र व्यायाम करणाऱ्यांचे त्यामुळे काही बिघडले नाही. म्हणजे काकांची भीती निराधार आहे, हे खरे. पण आज वजन बांधले नाही तर कायमचे नुकसान होईल, असा ताणही सासूबाईंवर कुणी आणू नये.

याचे कारणही स्नायुरेषा यांच्याच विवेचनात आहे. सूज स्नायूला दाबून ठेवत असेल, तर त्या दिवसांत कितीही वजन लावले तरी जो भाग आकुंचन पावतच नाही, त्याला व्यायाम मिळणार कसा? डेन्मार्कमध्येच झालेल्या एका लहान अभ्यासात रुग्णालयातून घरी जाताना गुडघा सरळ करण्याची ताकद ८० टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली होती आणि या घटीचा सुजेशी स्पष्ट संबंध दिसला होता. माझ्या मते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सूज उतरवणे हाच ताकद वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे आणि वजनाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर खरा अर्थ येतो.

सीपीएम मशीनविषयी विचारले आहे. २०१४ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अहवालात) त्या मशीनने गुडघ्याच्या वाकण्यात, दुखण्यात किंवा हालचालींच्या क्षमतेत रुग्णाला जाणवेल एवढा फायदा होतो, असे दिसले नाही, आणि वर उल्लेखलेल्या २०२० सालच्या सूचनांतही साध्या, प्रथमच होणाऱ्या गुडघेबदलानंतर ते वापरू नये असेच म्हटले आहे. मशीन पाय वाकवते तेव्हा रुग्णाचा स्नायू स्वस्थ बसलेला असतो. भाड्याचे पैसे फिजिओथेरपिस्टच्या आणखी काही भेटींवर खर्च केले तर ते सार्थकी लागतील.

पोटरी एकाच जागी घट्ट होऊन दुखणे, पायाची सूज पाय वर ठेवूनही न उतरणे, ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात, आणि अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे असे काही झाले तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, भोवतालची लाली पसरत जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम थांबवून शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना कळवावे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत न चुकता द्याव्यात.


स्नायुरेषा:

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या चाचण्या मलाही मान्य आहेत, आणि सूज हा पहिला शत्रू आहे याविषयी आमच्यात मतभेद नाही. फरक एवढाच, की त्या चाचण्यांतला सौम्य गटही प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली नियमाने व्यायाम करत होता. कृष्णाकाठ यांच्या घरात जो वाद चालू आहे, तो तीव्र आणि सौम्य यांच्यातला नसून व्यायाम आणि दीड महिन्याचे नुसते चालणे यांच्यातला आहे. त्या तुलनेचे उत्तर वरील चाचण्या देत नाहीत, आणि त्यांच्या आधारे कुणी पहिला महिना सोडून देऊ नये.

स्नायू दबलेला असताना त्याला बाहेरून जागे करण्याचा एक मार्ग आहे, तो म्हणजे विजेच्या झटक्यांनी स्नायू आकुंचित करणे. २०१२ सालच्या एका अमेरिकी चाचणीत ६६ रुग्णांपैकी एका गटाला शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांपासून सहा आठवडे, दिवसातून दोनदा, हा उपचार नेहमीच्या व्यायामांच्या जोडीला दिला, तेव्हा त्यांची मांडीची ताकद केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगली राहिली. आपल्याकडे रुग्ण सरसकट ज्याला "करंट" म्हणतात, तो पुष्कळदा नुसता वेदना कमी करणारा असतो, त्यात मुंग्या येतात पण मांडी आवळली जात नाही. इथे अपेक्षित आहे तो प्रवाह वाटी वर खेचली जाईल इतका जोरदार असावा लागतो आणि तो सहन करायला थोडी तयारी लागते. त्याच वेळी रुग्णाने स्वतःही स्नायू आवळायचा असतो. हृदयात पेसमेकर असेल, किंवा त्वचेला संवेदना नसेल, तर तो देऊ नये.


कृष्णाकाठ:

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. टाचेखाली गुंडाळी ठेवून पाहिले. पाय सैल सोडल्यावर गुडघा हळूहळू जवळजवळ सरळ होतो, उचलताना मात्र वाकतो, म्हणजे प्रश्न मुख्यतः स्नायूचा दिसतो. मशीनचा विचार सोडून दिला आहे. सासरे आता समोर बसून पावलांची रेषा पाहतात आणि गरजेपेक्षा जरा जास्तच कडक शिस्त लावतात.

एक शंका उरली आहे. उठण्या-बसण्याच्या फेऱ्या वाढवल्यापासून संध्याकाळी गुडघा फुगलेला आणि कोमट लागतो, सकाळी तो कमी झालेला असतो. याला जास्त झाले म्हणायचे का? आणि सासूबाईंनी विचारले आहे, की देवपूजेला पूर्वीसारखे पाटावर बसता येईल का.


स्नायुरेषा:

संध्याकाळची सूज आणि थोडा उबदारपणा या टप्प्यावर जवळजवळ प्रत्येकाला असतो, आणि उबदारपणा तर पुढे कित्येक महिने जाणवत राहतो. निर्णय सकाळच्या गुडघ्यावरून घ्यावा. रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पाय सरळ ठेवून, वाटीच्या मधोमध शिंप्याची टेप गुंडाळून माप घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे. मी वापरते तो ठोकताळा असा, की आदल्या सकाळपेक्षा माप सेंटिमीटरभर वाढले, किंवा गुडघा आदल्या दिवशीइतका वाकेनासा झाला, तर त्या दिवशी फेऱ्या निम्म्या कराव्यात, बर्फ आणि पाय वर ठेवण्याची वेळ वाढवावी, पण टॉवेल दाबणे आणि पावले हलवणे चालूच ठेवावे. माप स्थिर असेल तर तेवढेच पुढे न्यावे, आणि दोन-तीन दिवस उतरते राहिले तर खुर्चीवरची एक घडी काढावी. एका दिवशी दोन गोष्टी वाढवू नयेत. पाहुणे आल्यामुळे दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसणे झाले असेल, तर सूज त्याचीही असू शकते, व्यायामाला दोष देण्यापूर्वी तेही पाहावे.

बाहेरची शस्त्रक्रियेची खूण पाहून व्यायामाची भीती वाटते, म्हणून जखमेविषयीही सांगते. टाके असताना गुडघा वाकवला तर ते उसवतात असा समज आहे, परंतु आतले थर वेगळ्या धाग्यांनी शिवलेले असतात आणि वाकणे हे त्यांच्या हिशेबात धरलेलेच असते. घोट्याला वजन बांधायचे ते टाके निघून जखम पूर्ण कोरडी झाल्यावर, एवढी सासऱ्यांची हरकत मान्य करायला माझी ना नाही. त्यात फार तर आठवडा जाईल आणि तेवढ्या काळात खुर्ची पुरेसे काम देईल.

पाटावर बसण्याविषयी अनेक आजी हाच प्रश्न विचारतात. मांडी घालून बसायला गुडघा पुष्कळ खोल वाकावा लागतो आणि त्याला पीळही पडतो. काही रुग्णांना पुढे ते जमते, परंतु बहुतेक शल्यचिकित्सक ते टाळायलाच सांगतात, आणि सासूबाईंच्या सांध्याचा प्रकार पाहून त्यांनीच याचे उत्तर द्यावे. जमिनीवर बसण्यापेक्षाही जमिनीवरून उठणे अधिक कठीण असते, कारण तिथे सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर येतो. देवघराचा चौरंग उंच करून समोर खुर्ची ठेवण्याची तयारी आतापासूनच करावी.

पुढच्या टप्प्यात पायरीचा व्यायाम येईल. वीटभर उंचीच्या पाटावर शस्त्रक्रियेचा पाय ठेवून, कठडा धरून, सावकाश वर चढायचे आणि त्याहून सावकाश खाली यायचे. हा व्यायामापुरता क्रम आहे. प्रत्यक्ष जिना चढताना अजून काही आठवडे चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना शस्त्रक्रियेचा. पाटावर चढताना गुडघा आत वळत असेल किंवा कंबर एका बाजूला झुकत असेल, तर पाटाची उंची कमी करावी आणि ताईंना कुशीवर झोपून पाय बाजूला उचलण्याचा व्यायाम द्यायला सांगावा, कारण तेव्हा कमी पडणारा स्नायू मांडीचा नसून नितंबाच्या बाजूचा असतो.